पाणवठ्यावरची शाळा

१८३६ साली मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातला एक कप्तान तब्येत खालावली म्हणून दोन वर्षांच्या रजेवर केप टाउनला उतरला. विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हे त्याचं नाव. कंपनी सरकारचे अंमलदार हवापालटासाठी केपला जात ते विश्रांती घ्यायला. हॅरिसने तिथे बैलगाड्या जमवल्या, मुंबईच्याच मुलकी खात्यातला रिचर्ड विल्यम्सन हा शिकारीचा शौकीन सोबतीला घेतला आणि उत्तरेला, माटाबेले राजा म्झिलिकाझीच्या मुलखाची वाट धरली. गाडीत बंदुकांशेजारी चित्रकलेचं सामान होतं. जनावर पाडायचं, मापं घ्यायची आणि तिथल्या तिथे त्याचं चित्र काढायचं, असा त्याचा क्रम. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मागालिसबर्गच्या डोंगरात त्याला एक हरीण दिसलं. काळंभोर अंग, पांढरं पोट, पाठीकडे कमानीने वळलेली लांब शिंगं. युरोपातल्या प्राणिशास्त्राला ते ठाऊक नव्हतं. आज आपण त्याला सेबल म्हणतो. पुष्कळ वर्षं ते हॅरिसच्या नावाने ओळखलं जात होतं.

या सफरीचं पुस्तक सर्वांत आधी छापलं गेलं ते मुंबईत, १८३८ साली, अमेरिकन मिशन प्रेसमध्ये. मराठी मुद्रणाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हा छापखाना परका नाही. गणपत कृष्णाजींनी छपाईचे पहिले धडे तिथेच घेतले होते. १८४० मध्ये हॅरिसच्या प्राणिचित्रांच्या मोठ्या आकारातल्या रंगीत शिळाछापांचा संग्रह लंडनला निघू लागला. पुढे कंपनीचा वकील म्हणून तो इथिओपियातल्या शोआच्या दरबारात गेला, परतल्यावर 'सर' झाला आणि १८४८ मध्ये पुण्याजवळ तापाने वारला.

हॅरिसपासून सुरुवात करण्याचं कारण मुंबई-पुण्याचा हा धागा एवढंच नाही. आज बोट्सवानात, दक्षिण आफ्रिकेत किंवा केनियात एखाद्या अभयारण्यात आठवडाभर राहून वन्यजीवांची छायाचित्रकला किंवा रेखाटन शिकता येतं. जगभरातून माणसं त्यासाठी जातात, आपल्याकडूनही जातात. तिथे जे शिकवलं जातं, म्हणजे वारा कुठून येतोय ते पाहणं, पाणवठ्यावर कोण कधी उतरतं, किती जवळ गेलं की हत्ती कान पसरतो, ती सगळी विद्या शिकाऱ्यांच्या हातून आलेली आहे. आणि शिकाऱ्यांना ती दिली त्यांच्या पुढे चालणाऱ्या स्थानिक माणसांनी. हॅरिसच्या गाड्यांबरोबर खोईखोई नोकर होते. माग तेच काढत. चित्राखाली नाव हॅरिसचं आलं. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं या कलेची वाटचाल अशीच झाली.

आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या रहिवाशांनी मात्र चित्रंही स्वतःच काढली होती. नामिबियाच्या दक्षिणेला हुन्स पर्वतात एका गुहेत १९६९ साली वेंट नावाचे जर्मन पुरातत्त्वज्ञ उत्खनन करत होते. रेडिओवर चांद्रमोहिमेच्या बातम्या चालू होत्या, म्हणून त्यांनी गुहेला 'अपोलो ११' असं नाव दिलं. तिथे दगडाच्या चपट्या तुकड्यांवर रंगवलेले प्राणी मिळाले, सुमारे २७ हजार वर्षांपूर्वीचे. दक्षिण आफ्रिकेत ड्राकेन्सबर्गच्या कड्यांखाली तिथल्या मूळच्या सान लोकांनी काढलेली इलँड हरणं पाहिली की मला नेहमी वाटतं, आफ्रिकेतल्या प्राणिचित्रकलेचा कळस आधीच होऊन गेला आहे. मानेखालची लोंबती पोळी, पोटाकडे फिकट होत गेलेला तांबूस रंग आणि काही ठिकाणी तर जनावर मागून किंवा समोरून पाहिलेलं, अंग आखडून आलेलं. युरोपच्या कलाशाळांत ज्या अवघड कोनासाठी विद्यार्थ्यांची वर्षं जातात, तो कोन सान चित्रकाराने समोर बसलेल्या नमुन्यावाचून, डोंगराच्या आडोशाला उभं राहून साधला. इलँड त्यांच्यासाठी मांस होतं आणि देवाशी बोलण्याचं साधनही होतं. १८७३ मध्ये जोसेफ ऑर्पेन या अधिकाऱ्याला मालोटीच्या डोंगरांतून वाट दाखवणाऱ्या किंग नावाच्या तरुण सान माणसाने या चित्रांचा अर्थ सांगितला. ते टिपण झालं नसतं तर आपण आजही या चित्रांकडे शिकारीची नोंदवही म्हणूनच पाहिलं असतं.

नामिबियातच आणखी उत्तरेला, डोरो नावासच्या डोंगरांत प्राण्यांचे ठसे खडकांत कोरलेले आहेत. कलाहारीतल्या जुहोआन्सी मागकाढ्यांना जर्मन संशोधकांनी तिथे नेलं आणि २०२३ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरलेला ठसा कुठल्या प्राण्याचा, नर की मादी, वयाने केवढा, पुढचा पाय की मागचा, हे या मागकाढ्यांनी बहुतेक ठशांबाबत सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी कोरणाऱ्याच्या हाताला एवढी अचूक माहिती होती आणि आजच्या माग काढणाऱ्याच्या डोळ्यांना ती वाचता येते. माझ्या मते या कलेचा पाया हाच आहे: आधी प्राणी कळला पाहिजे.

युरोपियन परंपरा दुसऱ्या टोकाने आली. १८४२ मध्ये केपला आलेला टॉमस बेन्स हा घोडागाड्यांवर नक्षीकाम करणारा रंगारी. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स चॅपमन कॅमेरा घेऊन आणि बेन्स कुंचला घेऊन व्हिक्टोरिया धबधब्याकडे निघाले. कॅमेरा आणि कुंचला एकाच मोहिमेत चालल्याचं हे बऱ्यापैकी जुनं उदाहरण. तेव्हाची फोटोची काच ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे, त्यामुळे चॅपमनला धावतं जनावर टिपणं अशक्यच होतं. ते काम बेन्सच्या कुंचल्यावर पडलं. पुढे जर्मन चित्रकार विल्हेल्म कुनर्ट १८९१ मध्ये पूर्व आफ्रिकेत उतरला आणि नंतर पुन्हा पुन्हा गेला. उघड्यावर तैलरंगात अभ्यासचित्रं करण्याची त्याची पद्धत आजही शिकवली जाते. तोही शिकारी होता.

छायाचित्रणाचा खरा आरंभ कार्ल गेओर्ग शिलिंग्जपासून धरावा लागेल. आजच्या टांझानियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत, तो काचेच्या जड पट्ट्या आणि मॅग्नेशियमची पूड हमालांच्या डोक्यावर देऊन हिंडला. त्याची रीत अशी: अंधारात पाणवठ्याजवळ किंवा वाटेवर एखादं गाढव किंवा बैल बांधायचा, समोर कॅमेरा लावायचा आणि दोरी अशी ताणायची की सिंह आमिषावर आला की त्याच्याच धक्क्याने पूड पेटेल आणि झाकण उघडेल. पूड दमट झाली तर पेटत नसे, जास्त झाली तर स्फोट होई. बर्लिनच्या गोअर्झ कंपनीने त्याच्यासाठी खास यंत्रं बनवली होती. कित्येक रात्री फुकट गेल्यावर मिळालेली ती चित्रं १९०५ च्या सुमारास पुस्तकरूपाने आली तेव्हा युरोप चकित झाला. बांधलेल्या गाढवाकडे झेपावणारी सिंहीण, पाण्यावर वाकलेले झेब्रे. रात्रीचा आफ्रिका कुणी पाहिलेलाच नव्हता. शिलिंग्जने त्याच प्रवासांत संग्रहालयांसाठी असंख्य जनावरं मारली आणि नंतर आयुष्यभर त्यांच्या संरक्षणासाठी भांडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आमिष बांधण्याची युक्ती या कलेत त्याच्याबरोबर आली, हेही खरं आहे, आणि तिचा हिशेब आजतागायत चुकता झालेला नाही.

लपणाची युक्ती मात्र इंग्लंडमधून आली. यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९०च्या दशकात पक्ष्यांच्या घरट्यांजवळ लपून फोटो काढायला सुरुवात केली; एकदा तर त्यांनी बैलाचं कातडं चढवलेल्या पोकळ सांगाड्यात कॅमेरा बसवला. धाकटा चेरी पुढे पूर्व आफ्रिकेत गेला आणि थिओडोर रूझवेल्टच्या १९०९ च्या सफरीचं चित्रीकरण त्याने केलं. त्याच वर्षी आर्थर रॅडक्लिफ डगमोर तिथे पोचला. तो मुळात नेपल्समध्ये शिकलेला चित्रकार. अंगावर येणाऱ्या गेंड्यासमोर कॅमेरा धरून उभा राहिलेला हा माणूस चौकटीत रिकामी जागा किती सोडायची, प्रकाश कुठून घ्यायचा हे चित्रकाराच्या नजरेने ठरवत होता. छायाचित्रकाराला रेखाटन का शिकवावं, याचं सर्वांत चांगलं उत्तर मला त्याच्या कामात दिसतं.

१९२६ ची गोष्ट याहून जास्त सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी कार्ल एकली आफ्रिकेचं दालन उभं करत होते. मेलेल्या जनावराच्या कातड्यात भुसा भरण्याचा जुना प्रकार बदलून, स्नायूंसकट शिल्प घडवून त्यावर कातडं चढवण्याची रीत त्यांनी घडवली. जंगलात सहज फिरवता येईल असा चित्रपटाचा कॅमेराही बनवला. दालनासाठी निघालेल्या मोहिमेला कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी पैसा दिला आणि ते स्वतःही आले. बरोबर दोन चित्रकार होते, त्यांतले विल्यम लेह साठ वर्षांचे. अमेरिकेच्या पश्चिमेची वाळवंटं रंगवण्यात उभं आयुष्य गेलेला हा माणूस त्या वयात आफ्रिकेचा प्रकाश नव्याने शिकायला बसला. ज्या जागी जनावर उभं होतं त्याच जागी चित्राची घोडी मांडायची, गवताचा रंग, डोंगराची निळाई, ढगांची उंची तिथेच तैलरंगात टिपायची, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये अर्धवर्तुळाकार भिंतीवर तेच आकाश उतरवता येईल. नोव्हेंबरात काँगोच्या मिकेनो पर्वतावर एकली तापाने गेले. त्यांना तिथेच पुरलं. लेह यांनी त्याच परिसराची पार्श्वभूमी गोरिलांच्या देखाव्यासाठी रंगवली. १९३६ मध्ये उघडलेल्या त्या दालनात असे २८ देखावे आहेत. तिथली जनावरं मारून आणलेली आहेत, हे विसरता येत नाही. तरीही एका ठिकाणच्या मातीपासून ढगापर्यंत सगळं एकत्र पाहण्याची शिस्त लेह यांनी घालून दिली, आणि पुढच्या चित्रकारांना ती फार उपयोगी पडली.

तोवर संरक्षित क्षेत्रं आकार घेत होती. सुरुवातीला ती शिकारीची जनावरं संपू नयेत म्हणून राखलेली होती. दक्षिण आफ्रिकेतलं साबी अभयारण्य १८९८ मध्ये घोषित झालं, १९०२ पासून जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन तिथे रखवालदार होते. गोऱ्या शेतकऱ्यांना ती जमीन कुरणासाठी हवी होती. लोकमत वळवायला चित्रं कामी आली: खाण-अभियंता पॉल सेल्बी यांचे फोटो आणि रेल्वेने प्रसिद्धीच्या कामावर घेतलेले चित्रकार स्ट्रॅटफर्ड कॅल्डेकॉट यांची मेहनत. १९२६ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यान झालं. १९२७ मध्ये पहिल्या हंगामात तीन मोटारी आल्या. गाडीतून उतरायचं नाही, हा नियम लवकरच आला आणि त्याने नकळत एक मोठं काम केलं. जनावरांना गाडीची सवय झाली. गाडी हेच लपण झालं. तिकडे सेरेंगेटीत मोटारीतून सिंह मारण्याविरुद्ध डेनिस फिंच हॅटन हा धंदेवाईक शिकारीच लंडनच्या वर्तमानपत्रातून भांडत होता. पण त्याच काळात गाडीमागे मेलेला झेब्रा ओढून सिंहांना कॅमेऱ्यासमोर आणण्याची पद्धतही जोरात होती.

ही आमिषाची खोड किती खोल गेली होती ते १९६६ च्या एका फोटोवरून कळलं, तेही नंतर. 'लाइफ' मासिकासाठी जॉन डॉमिनिस यांनी बोट्सवानात टिपलेला बिबट्या आणि बबूनचा फोटो त्या काळातला सर्वांत गाजलेला वन्यजीव फोटो होता: जबडा वासून उलटलेलं माकड, झेपावणारा बिबट्या. तो बिबट्या एका शिकाऱ्याने पाळून ठेवलेला होता आणि बबूनांच्या टोळ्यांवर तो सोडला जात होता. एवढं गाजलेलं दृश्य मुद्दाम घडवून आणलेलं होतं, हे मला आजही पचत नाही. त्या माकडाला पळायला जागा उरली नव्हती. कुठल्याही शिकवणीत पहिल्या दिवशी हा फोटो दाखवावा आणि त्यामागचं सगळं सांगावं, असं मला वाटतं.

याच काळात उलट दिशेने जाणारी माणसंही होती. ह्यूगो व्हान लाविक १९६२ मध्ये गोंबेला जेन गुडॉल यांच्या चिंपांझींचे फोटो काढायला आले आणि पुढे सेरेंगेटीत न्डुटूच्या काठी तंबू ठोकून राहिले ते अनेक दशकं. त्यांच्या तळावर तरुण छायालेखक येत, महिनोन्महिने राहत, एकाच चित्त्याच्या कुटुंबामागे हिंडत. तिथे वर्ग नव्हता, फळा नव्हता. तेच खरं गुरुकुल होतं. एक प्राणी एकदा दिसणं आणि तोच प्राणी वर्षभर दिसणं यांत केवढं अंतर आहे, ते तिथल्या प्रत्येकाला अंगी बाणवावं लागलं.

चित्रकारांत डेव्हिड शेफर्ड यांचं नाव घ्यायलाच हवं. अठराव्या वर्षी ते केनियात अभयारण्याचे रखवालदार व्हायला गेले आणि नकार घेऊन परतले. लंडनच्या नामांकित कलाशाळेनेही त्यांना परत पाठवलं. समुद्रचित्रं काढणारे रॉबिन गुडविन यांनी त्यांना शिकाऊ म्हणून घेऊन हात घडवला. १९६० मध्ये ब्रिटिश हवाईदलासाठी ते पुन्हा केनियात गेले आणि तिथे त्यांनी पहिलं वन्यजीव चित्र काढलं. विष कालवलेल्या पाणवठ्याभोवती पडलेले २५५ मेलेले झेब्रे त्यांनी त्याच प्रवासात पाहिले. त्यानंतर चित्र विकून आलेला पैसा प्राण्यांसाठी द्यायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. १९७३ मध्ये त्यांनी वाघाचं एक चित्र काढलं, त्याच्या छापील प्रतींतून १ लाख २७ हजार पौंड उभे राहिले आणि ते आपल्या व्याघ्रप्रकल्पासाठी दिले गेले. मेळघाट हा त्या प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. पूर्व आफ्रिकेतल्या पाणवठ्यावर सुरू झालेली गोष्ट अशी आपल्या सातपुड्यापर्यंत येते.

शिकणं सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते फार उशिरा. फिल्मच्या काळात विद्यार्थी ३६ फोटोंचा रोल संपवून घरी जाई, धुऊन आलेल्या पारदर्शिका पाहीपर्यंत आठवडे उलटत आणि चूक कळली तेव्हा सिंह हजारो किलोमीटर दूर असे. मार्टिन आणि ओसा जॉन्सन यांनी १९२०च्या दशकात मार्साबिटच्या लेक पॅरडाइजकाठी स्वतःची धुण्याची प्रयोगशाळा थाटली होती, पण ती चैन ईस्टमनसारखा पाठीराखा असणाऱ्यालाच शक्य होती. डिजिटल कॅमेरा आल्यावर पहाटे काढलेला फोटो दुपारी तंबूत मोठ्या पडद्यावर मांडता आला. चूक आणि दुरुस्ती यांत आता एका जेवणाचं अंतर उरलं. अभयारण्य ही शाळा झाली ती यामुळे.

या शाळेत काय चालतं? पहाटे उजाडण्याआधी निघायचं, कारण सूर्य वर आला की दोन तासांत उजेड कडक होतो आणि कातडीवरचा पोत मरतो. गाडीच्या दारावर कडधान्य भरलेली पिशवी टाकून तिच्यावर भिंग टेकवायचं. उघड्या गाडीत तिपाईपेक्षा ती भरवशाची. पक्षी उडणार असेल तर सेकंदाचा दोन हजारावा भाग, धावत्या विल्डबीस्टचा वेग दाखवायचा असेल तर तिसावा भाग आणि त्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहणं. हत्ती उन्हात राखाडी दिसतो पण चिखलात लोळला की काळा. यंत्राचं ऐकलं तर तो फोटो हटकून चुकतो. रेखाटनाच्या गटात गणित वेगळं. सिंह दिवसातले अठरा-वीस तास पडून असतो, तेव्हा त्याच्यावर निवांत तास घालवता येतो. हत्ती क्षणभर थांबत नाही. त्याची चार-सहा अपुरी चित्रं एकाच पानावर सुरू करायची आणि तो पुन्हा त्या पवित्र्यात आला की ते चित्र पुढे न्यायचं. कॅमेरा बाजूला ठेवून दिवसभर फक्त पेन्सिल चालवायला लावणारे शिक्षक असतात. असा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नये.

लपणही बदललं. क्वाझुलू-नाताळमधल्या म्खुझे अभयारण्यात पाणवठ्यावर लाकडी लपण पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. शेजारच्या झिमांगा या खाजगी अभयारण्यात हंगेरीच्या बेंत्से माटे यांनी जमिनीखाली, पाण्याच्या पातळीला डोळा येईल अशी लपणं बांधली, एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेची, रात्रभर राहता येतील अशी. बोट्सवानातल्या नॉर्दर्न तुली अभयारण्यात जमिनीत पुरलेल्या मालवाहू डब्यातून ग्रेग द्यू त्वा यांनी हत्तींच्या कळपाचं निळ्या उजेडातलं, धूसर हललेलं चित्र टिपलं आणि २०१३ मध्ये ते जगातलं त्या वर्षीचं सर्वोत्तम वन्यजीव छायाचित्र ठरलं. या लपणांत प्राण्याला बोलावतं ते पाणी. बांधलेल्या गाढवापासून आपण इथवर आलो, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साबी सँडमध्ये, क्रुगरच्या पश्चिम कडेला, उघड्या गाडीच्या पुढच्या टोकाला एक खुर्ची असते. तिथे बसलेला मागकाढ्या रस्त्यावरच्या धुळीत बिबट्याचा ठसा पाहतो, हात वर करतो, गाडी थांबते. बहुतेक पाहुणे त्याचं नाव लिहून घेत नाहीत. त्याच भागातल्या लोंडोलोझीत १९७९ पासून एका बिबट मादीचा वर्षानुवर्षं माग ठेवला तो जॉन व्हार्टी आणि एल्मन म्लाँगो यांनी मिळून. म्लाँगो शांगान मागकाढे. पुढे कॅमेराही त्यांनीच चालवला. आज साबी सँडच्या बिबट्यांचे जे फोटो जगभर फिरतात, त्यांची सुरुवात या दोघांच्या पायपिटीत आहे.

आणि ज्यांच्याकडे हे ज्ञान होतं त्यांच्यासाठी फाटक बंदच होतं. वर्णभेदाच्या काळात क्रुगरमध्ये काळ्या पर्यटकांच्या मुक्कामाची सोय नाममात्र होती. १९६९ मध्ये उद्यानाच्या उत्तर टोकातून माकुलेके समाजाच्या सुमारे ३,००० माणसांना हुसकावून काढलं गेलं. १९९८ मध्ये तीच जमीन कायद्याने त्यांना परत मिळाली. आज तिथे वाटाड्यांच्या प्रशिक्षणाचे तळ चालतात. २०१५ पासून वाइल्ड शॉट्स आउटरीच ही संस्था क्रुगरलगतच्या गावांतल्या मुलांना कॅमेरा देऊन शिकवते आणि जंगलात नेते. कुंपणापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या यांतल्या कित्येकांनी हत्ती तोवर पाहिलेला नसतो. केनियाच्या मारा भागात २००५ मध्ये स्थानिक मासाई तरुण-तरुणींसाठी वाटाड्यांची शाळा निघाली.

टांझानियात ही वाट फाटक ओलांडल्यावाचून कुणीतरी आधीच काढली होती. दार-ए-सलाममध्ये मजुरी करणाऱ्या एडवर्ड सैदी टिंगाटिंगा यांनी १९६८ च्या सुमारास स्वस्त फळ्यांवर सायकलच्या चकचकीत रंगाने जनावरं रंगवायला सुरुवात केली. ठिपक्याठिपक्यांचे बिबटे, मोठ्या डोळ्यांचे हत्ती, सपाट रंगांची पार्श्वभूमी. १९७२ मध्ये पोलिसांच्या गोळीने ते गेले, पण नात्यागोत्यातल्या मुलांना त्यांनी हाताखाली घेतलं होतं आणि ती परंपरा त्यांच्या नावाने आजही चालू आहे. पर्यटकांसाठीची बाजारू चित्रं म्हणून तिला हिणवणारे आहेत. मला ते पटत नाही. लेह यांच्या देखाव्यांइतकीच ही आफ्रिकेच्या प्राणिचित्रांची अस्सल शाखा आहे.

अलीकडे वर्गात आणखी एक विषय आला आहे. २०१४ या एकाच वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. ह्लुह्लुवे-इम्फोलोझीत शिंगं कापून टाकलेल्या काळ्या गेंड्याचा ब्रेंट स्टर्टन यांचा फोटो २०१७ मध्ये सर्वोत्तम ठरला. गेंड्याचा फोटो टाकताना जागेची नोंद पुसून टाका, हे अनेक अभयारण्यांत पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

जुलै ते सप्टेंबर मसाई मारात गेलात तर नदीकाठी मराठी हमखास कानावर पडतं, इतकी पुण्या-मुंबईची मंडळी आता तिथे जातात. पुढच्या वेळी शिकायला म्हणून जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांत तिथली माणसं आहेत का, आणि माग कसा वाचायचा हे तेच शिकवणार का. प्राण्याला बोलवायला मांस टाकतात का. आणि जिथे सिंहाचे बछडे मांडीवर घेऊन फोटो काढायला देतात, तिथे हे सिंह मोठे झाल्यावर कुठे जातात. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कोंडून वाढवलेल्या सिंहांचा हा धंदा थांबवायचं धोरण मे २०२१ मध्ये जाहीर केलं, पण तो अजून संपलेला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथे जाऊ नका.